चेहरा नसलेले शिल्प

आमच्या भागात पुतळा दिसला की पहिला प्रश्न येतो, "कुणाचा?" दुसरा येतो, "कुणी बसवला?" आणि तिसरा, "परवानगी होती काय?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत गोष्ट गेली की बहुधा पोलिसांची गाडीही आलेली असते. बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या वाचकांना हे मी नव्याने सांगायला नको. ऑगस्ट २०२० मध्ये हुक्केरी तालुक्यातल्या मणगुत्तीत शिवरायांच्या पुतळ्यावरून आणि बेळगावजवळ पिरनवाडीत संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्यावरून काय घडले, ते आपण पाहिले. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळूरला शिवरायांच्या पुतळ्याची विटंबना झाली, पाठोपाठ अनगोळला रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली, आणि दोन्ही भाषांच्या घरांतून आया पोरांची वाट पाहत दारात उभ्या राहिल्या. मार्च २०२३ मध्ये तर राजहंसगडावरच्या शिवपुतळ्याचे चार दिवसांच्या आत दोनदा अनावरण झाले. एकदा एका पक्षाकडून, एकदा दुसऱ्या पक्षाकडून.

एवढ्या सगळ्या गदारोळात एक चौथा प्रश्न मात्र मी कधी ऐकला नाही. "घडवला कुणी?"

तो प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला मालवणच्या वेळी. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, आणि महाराष्ट्रभर लोक विचारू लागले की शिल्पकार कोण, आतला सांगाडा कसा होता, जोड कुणी दिले. पुतळा पडल्यावर आपल्याला शिल्पकाराची आठवण झाली.

मी आयुष्यभर निपाणीकडच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. लोअर आणि हायर परीक्षांना मुले बसवली, स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवले, गणपतीची आरास केली. त्यामुळे हा चौथा प्रश्न मला जरा जास्त टोचतो. त्याच प्रश्नाच्या मागे जाता जाता मी एका बाईंच्या कामापाशी पोचलो. त्यांचे नाव पिलू पोचखानवाला. आपल्या भागात हे नाव फार थोड्यांच्या कानावर असेल. या लेखात त्यांच्याविषयी सांगावे म्हणतो.

ऐंशीच्या दशकात मी मुंबईला मामांकडे गेलो होतो. मामा गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. निपाणी-चिकोडीकडची जी हजारो माणसे परळ-लालबागच्या खोल्यांत राहिली, त्यांपैकी एक. एका रविवारी ते मला हाजी अलीला घेऊन गेले. समुद्र, दर्गा, आणि अलीकडे चौकात धातूचे एक उंच शिल्प. मी बसच्या खिडकीतून बघत राहिलो. त्याला तोंड नव्हते, हात नव्हते, घोडा नव्हता, तलवार नव्हती. काहीतरी आतून उसळून वर निघाले आहे, एवढेच कळत होते.

"मामा, हे काय आहे?"

"असंल कायतरी मॉडर्न," मामा म्हणाले. मग बस वळेपर्यंत तेही बघत राहिले आणि म्हणाले, "पण वारा कसला हाय हितं. ह्येचा पाया किती घेतला असंल रं?"

त्या शिल्पाचे नाव 'स्पार्क', म्हणजे ठिणगी, आणि ते पिलू पोचखानवाला यांनी केले, हे मला पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकातून कळले. कलेवर मी पुढे बरेच वाचले. पण त्या शिल्पाविषयी मामांइतका नेमका प्रश्न मला त्या दिवशी सुचला नव्हता, याची आजही गंमत वाटते.

पिलूबाईंचा जन्म १ एप्रिल १९२३ चा, मुंबईतल्या एका पारशी कुटुंबातला. १९४५ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर झाल्या. जे. जे. स्कूलचा किंवा दुसऱ्या कुठल्या कलाशाळेचा शिक्का त्यांच्यावर नाही. त्या जाहिरातीच्या व्यवसायात होत्या. दुकानांच्या दर्शनी काचेआड वस्तू कशा मांडाव्यात, हे त्यांचे काम. १९५१ मध्ये कामाच्या निमित्ताने त्या युरोपात गेल्या. तिथल्या संग्रहालयांतली शिल्पे पाहून आल्या त्या वेगळ्याच होऊन. वय अठ्ठावीस. आपल्याकडे या वयाला बाईचे सगळे ठरून गेलेले असते.

परतल्यावर त्यांनी धडे घेतले ते नारायण गणेश पानसरे या मराठी शिल्पकाराकडे. मुंबईच्या फोर्ट भागात 'न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स'ची इमारत आहे, १९३० च्या दशकातली. तिच्या दर्शनी भिंतीवर कष्टकरी माणसांच्या ज्या उंच, घट्ट बांध्याच्या आकृती आहेत, त्या पानसऱ्यांच्या. मुंबईला गेलात तर मान वर करून जरूर पाहा. कष्टाला एवढी भारदस्त उंची देणारी शिल्पे मुंबईत फार नाहीत. अशा माणसाने एका पदवीधर, नोकरीपेशातल्या, वयाने वाढलेल्या विद्यार्थिनीला हातोडी-छिन्नी हाती दिली, ही साधी गोष्ट नव्हे.

ती साधी का नाही, हे कळायला थोडे मागे जावे लागेल. मराठी मुलखातल्या आधुनिक शिल्पकलेचा आरंभ सांगताना आपण गणपतराव म्हात्रे यांच्या 'मंदिरपथगामिनी'चे नाव घेतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातले हे शिल्प. नऊवारीतली, देवळाकडे निघालेली तरुणी. किती नाजूक काम! नेसणीची चूण न चूण दिसते. म्हणजे आरंभीच बाई आहे. पण ती शिल्पात आहे. पुढे फडके आले, करमरकर आले, कोल्हापुरात बाबूराव पेंटर आले. शिल्पांतून स्त्रिया येत राहिल्या. छिन्नी धरणारा हात पुरुषाचाच राहिला. कारणे काही गूढ नाहीत. शिल्पाला जागा लागते, भट्टी लागते, मजूर लागतात, मोठी रक्कम आधी गुंतवावी लागते. चित्र माजघरातही निघते. चार फुटी दगड माजघरात घेता येत नाही.

आपल्याच खानापूरकडे बघा. मडक्यांसाठी हा तालुका प्रसिद्ध. कुंभाराच्या घरात माती चाळणे, तुडवणे, मडकी उन्हात मांडणे, रंग देणे ही कामे बायका करतात. चाकावर मात्र पुरुष बसतो. निपाणीत तंबाखूच्या वखारीत आणि विडीच्या सुपापाशी बायकांच्या बोटांचे कसब आपण रोज पाहिले. बोटांत कसब नाही असे कुणी म्हणणार नाही. पण त्या कसबाला चाकापर्यंत, छिन्नीपर्यंत कुणी येऊ दिले नाही.

आता पिलूबाईंच्या कामाकडे वळतो. मुंबईच्या कलादालनांत आणि पुस्तकांतल्या छायाचित्रांत जेवढे पाहता आले, त्यावरून माझे मत मांडतो. ते शेवटचे आहे असा दावा नाही.

त्यांच्या सुरुवातीच्या कामात लाकूड आणि दगड आहे, आणि विषय मुख्यतः स्त्रीदेह. बसलेली, कलंडलेली, स्वतःभोवती मिटलेली स्त्री. गोलाई मोठी, तपशील कमी. मधे मधे पोकळ्या. ही पोकळी त्या काळी इंग्लंडच्या हेन्री मूर यांच्याकडून जगभर गेली होती, आणि पिलूबाईंवर मूरचा ठसा स्पष्ट आहे. तो लपवायचे कारण नाही. ही शिल्पे सुंदर आहेत. पण चांगल्या विद्यार्थ्याच्या वहीसारखी सुंदर. हस्ताक्षर सुरेख, मजकूर अजून दुसऱ्याचा.

मग त्या माध्यमे बदलू लागतात. शिसे, काँक्रीट, अ‍ॅल्युमिनियम आणि शेवटी भंगार लोखंड. इथे, माझ्या मते, त्यांचा स्वतःचा मजकूर सुरू होतो. दगडातून शिल्प काढताना आपण नको ते काढून टाकत जातो. भंगारातून शिल्प करताना टाकून दिलेले गोळा करून जोडत जातो. दोन्ही कृती मुळातच वेगळ्या, त्यांमागचे मनही वेगळे. आपल्याकडे बायका जुनी लुगडी, धोतरे, पोरांचे फाटके सदरे एकावर एक घालून वाकळ शिवतात. वाकळीत प्रत्येक तुकडा आपली जुनी ओळख राखून असतो. हा आजीच्या लुगड्याचा काठ, हा थोरल्याच्या शाळेचा खाकी. टाका झाकायचा नसतो. टाका हीच नक्षी. पिलूबाईंच्या धातूशिल्पांसमोर मला वाकळ आठवली. मुंबईच्या पारशी घरातल्या बाईंनी वाकळ पाहिली असेल-नसेल. तुलना माझी आहे. पण लोखंडाचा गंज, पत्र्याची कड, जोडाची गाठ त्या घासूनपुसून लपवत नाहीत, आणि त्यामुळेच त्या शिल्पांत ऊब येते. गुळगुळीत ब्राँझमध्ये ती मला क्वचितच सापडते.

दोषही सांगितले पाहिजेत. माध्यमांची ही धाव कधी कधी घाईची वाटते. एखाद्या धातूशी आणखी दहा वर्षे झुंजल्या असत्या तर काय निघाले असते, असे मनात येते. काही रचनांत भंगार भंगारच राहते. तुकडे जवळ आले आहेत, पण एकमेकांशी बोलत नाहीत. अशा वेळी शिल्पापेक्षा त्याचे नाव जास्त बोलते, आणि ते समीक्षकाला खटकायलाच हवे. तरीही तोलून पाहता पारडे त्यांच्याच बाजूला झुकते. कारण स्वतःला साधलेली गोष्ट पुन्हा पुन्हा करून विकत बसणे त्यांनी टाळले. साधले की त्या पुढे निघाल्या.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. घरची बरी परिस्थिती, मुंबईसारखे शहर, इंग्रजीचे बळ, परदेशप्रवास हे सगळे पिलूबाईंच्या पाठीशी होते. आपल्याकडच्या मुलीला यांतले काय मिळते? म्हणून दुसरे एक नाव सांगतो. सीमेवरच्या माणसाची नजर मुंबईकडे जाते, आणि कामासाठी पाय बेंगळूरकडे जातात. तेव्हा एक उदाहरण तिकडचेही हवे. कनका मूर्ती. जन्म १९४२, म्हैसूरकडच्या टी. नरसीपुरात, सोवळ्या घरात. बेंगळूरला देवलकुंद वादिराज या पारंपरिक शिल्पगुरूंकडे त्या दगड घडवायला शिकल्या. देवाची मूर्ती बाईने घडवू नये असे मानणाऱ्या समाजात त्यांनी देवांच्या मूर्ती घडवल्या, शिवाय गायक-वादकांची व्यक्तिशिल्पे केली. बेलूरच्या दंतकथेतल्या जकणाचारीच्या नावाने कर्नाटक सरकार शिल्पकारांना जो पुरस्कार देते, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. मे २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत त्या गेल्या.

या दोघींची शैली एकमेकींपासून कितीतरी दूर. एक परंपरेच्या शिल्पशास्त्रात खोल उतरलेली, दुसरी परंपरेच्या बाहेर उभी. एकीची भाषा कन्नड, दुसरीची गुजराती. समान धागा एकच दिसतो. दोघींनाही योग्य वेळी एक गुरू भेटला, आणि त्याने "हे बायकांचे काम नव्हे" असे म्हटले नाही. पैसा, शहर, प्रवास यांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण मला जितके समजले, त्यात हा धागा सर्वांत पक्का.

पिलूबाईंनी स्वतःपुरते काम करून दार लावून घेतले नाही. साठीच्या दशकात त्यांनी मुंबईत कलामहोत्सव भरवले. फोर्टमधला सर कावसजी जहांगीर हॉल, १९११ सालचा, पुढे लग्नकार्ये आणि सभासंमेलने यांत झिजत चालला होता. तिथे आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालय व्हावे म्हणून केकू गांधी यांच्यासारख्या मंडळींबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. ते कलादालन प्रत्यक्ष उघडले डिसेंबर १९९६ मध्ये. पिलूबाई ७ जून १९८६ रोजीच गेल्या होत्या. योगायोग असा की, ज्यांच्या छायेतून त्यांनी सुरुवात केली, ते हेन्री मूरही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले.

आणि 'स्पार्क'? ते शिल्प पुढे हाजी अलीच्या चौकातून काढण्यात आले. त्यासाठी बंद पुकारला गेला नाही. दगडफेक झाली नाही, जमावबंदी लागली नाही. कारण ते कुणाचेच नव्हते. ना मराठ्यांचे, ना कन्नडिगांचे, ना पारशांचे. चेहरा नसलेल्या शिल्पाला जात नसते, भाषा नसते, म्हणून त्याला वालीही नसतो.

कुणी म्हणेल, मास्तर, मग काय पुतळे नकोतच? तसे मुळीच नाही. शिवरायांचा पुतळा पाहून माझाही हात छातीकडे जातो, आणि रायण्णांच्या शौर्यापुढे मान लववायला मला कुणाची परवानगी लागत नाही. बेळगावात कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या चौकातून जाताना मी त्या घोड्याच्या मानेकडे नेहमी बघतो. म्हणणे एवढेच, की पुतळा हा आधी एक घडवलेली वस्तू आहे. मातीत नमुना, त्यावरून साचा, साच्यात मेण, मेणाच्या जागी वितळलेला धातू, आत पोलादी सांगाडा, खाली पाया. प्रत्येक पायरीवर कुणाचे तरी हात आहेत. त्या हातांची विचारपूस केली तर पुतळे चांगले होतील, टिकतील, आणि कदाचित आपले भांडणही थोडे शहाणे होईल.

बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे. रट्टांच्या काळातली, १२०४ सालची. आत शिरून छताकडे पाहिले की दगडाचे कमळ उलटे उमललेले दिसते. त्याखाली उभे राहून "हे कमळ मराठी की कन्नड?" असे विचारताना मी अजून कुणाला पाहिले नाही. तिथे मराठी माणूसही "काय काम केलंय!" म्हणतो आणि कन्नड माणूसही आपल्या भाषेत तेच म्हणतो. तिथे मात्र आपल्या सगळ्यांना चौथा प्रश्न आपोआप सुचतो. पिलूबाईंच्या शिल्पाला आपण तेवढीच संधी द्यावी, एवढे माझे मागणे.

इथे लेख संपवता आला असता. पण ज्या कारणाने मी हे सगळे लिहायला बसलो, ते अजून सांगायचे आहे.

१९९० च्या सुमारास माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. बेंदराला मी मुलांकडून मातीचे बैल करून घेत असे. सगळ्यांचे बैल चार पायांवर ताठ उभे. हिचा बैल बसलेला, आणि पाठीवरची माशी हाकलायला मान मागे वळवलेली. त्या मानेत ताण होता. मी ते बघून गप्प झालो. दहापैकी दहा दिले, बैल कपाटात ठेवला, हेडमास्तरांना दाखवला. काही दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. विचारू लागले, "पोरगी म्हणत्या मूर्तिकाम शिकतो म्हणून. कोल्हापूरला कुठं शिकवत्यात काय, सर?"

मी म्हणालो, "दादा, ते मुलीचं काम नव्हे. टी.सी.एच. करू दे. शाळेत लागंल, घर सांभाळंल."

हे मी म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही.

गेल्या श्रावणात बेळगावात एका गणपतीच्या शाळेत मूर्ती ठरवायला गेलो. आत मांडीवर गणपती घेऊन एक बाई डोळ्यांची आखणी करत होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "सर, ओळखलं काय?" बाहेरच्या पाटीवर त्यांच्या यजमानांचे नाव होते. मी पाटीकडे पाहिले, ते त्यांनी पाहिले.

"नाव ह्यांचं. पण डोळ्याला हे हात लावत नाहीत, सर. ते मीच करतो."

चहा आला. काय बोलावे सुचेना, म्हणून मी पिलूबाईंची गोष्ट सांगत बसलो. दुकानांच्या काचेची कामे, युरोप, लोखंड, हाजी अली. त्या आखणी करता करता ऐकत होत्या. मधेच हात थांबवून त्यांनी विचारले, "त्यांना शिकवलं कुणी?"

"पानसरे म्हणून होते. मराठीच."

"बरं झालं की, सर," त्या म्हणाल्या, आणि दुसरा डोळा काढायला घेतला.